हवालदार येतोय, फरशी पुसा

हवालदाराचा पोलिसांशी काडीचाही संबंध नव्हता. तो सरकारच्या हवा तपासणी खात्यात होता. लोकांच्या घरात जाऊन आतली हवा मोजायचा. हवा मोजतो त्याला हवालदार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, असं कोणीतरी एकदा बोलून गेलं आणि ते त्याला जन्माचं चिकटलं. अंगावर खाकी नाही, हातात दांडका नाही, आणि अंगकाठी अशी की जोरात शिंकला तर स्वतःच दोन पावलं मागे जाईल. पण तो जिन्यात दिसला की लोक अंग चोरून भिंतीला चिकटायचे, एवढं मात्र खऱ्या हवालदारासारखं होतं.

लोक भ्यायचे ते त्याच्या खांद्यावरच्या यंत्राला. ते घराच्या मधोमध ठेवायचं, बटण दाबायचं आणि गप्प उभं राहायचं. हवा चांगली असली तर हिरवा दिवा लागतो असं म्हणत, पण तो लागलेला खात्यातल्या कोणीही पाहिला नव्हता. हवा वाईट असली की लाल दिवा लागायचा आणि आतून एक बाई बोलायची. आवाज मधाळ, बोलणं मात्र खाष्ट सासूचं. "या खोलीतली हवा श्वास घेण्यायोग्य नाही. कृपया बाहेर जा." आणि भले भले घरमालक स्वतःच्या घरातून उठून, चपला घालून, जिन्यात जाऊन उभे राहायचे.

आता न सांगता कोणाच्या घरात शिरणं खात्याच्या सभ्यतेत बसत नव्हतं. त्यामुळे आधी सूचना जायची. अमुक दिवशी हवा मोजायला माणूस येईल, खिडक्या बंद ठेवाव्यात. सूचना आली की घर कंबर कसून उठायचं. साधा पाहुणा येणार म्हटलं तरी आपण कोपरे झाडतो, हा तर नापास करणारा पाहुणा. मग बादलीत ब्लीच ओतलं जायचं, सढळ हाताने. फरशी, ओटा, मोरी, दाराची कडी, सगळं पुसून व्हायचं. त्याचा वास नाकात जाऊ लागला की वरून लिंबाच्या वासाचं पाणी शिंपडायचं. आणि मग सूचनेप्रमाणे खिडक्या लावून घ्यायच्या. हवालदार पोहोचेपर्यंत घर आरशासारखं लखलखत असायचं आणि घरच्यांचे डोळे लालबुंद होऊन वाहत असायचे. ते त्याला कौतुकाचे अश्रू वाटायचे.

बाई सगळ्यांना बाहेर काढायची. मग खात्याचा सल्ला जायचा: घर अधिक स्वच्छ ठेवा, पुन्हा तपासणी होईल. फेरतपासणीला बाई आणखी जोरात बोलायची.

खात्याचे साहेब यावर बेहद्द खूश होते. "शहरात एवढी घरं आहेत," ते म्हणायचे, "पण आपण जिथे जातो तिथलीच हवा नेमकी खराब निघते. याला म्हणतात अचूक निवड!" या अचूकपणाबद्दल त्यांना वरून शाबासकीही मिळाली होती.

हवालदाराला या सगळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता, आणि तो म्हणजे आईचा खोकला.

तो आणि आई, दोघंच राहायचे. लग्नाचं जमता जमता राहून गेलं आणि मग त्याने तो नाद सोडला. आईला ढास लागली की ती ओट्याला धरून उभी राहायची आणि हाताने त्याला "काही नाही, काही नाही" अशी खूण करायची. डॉक्टरांनी छाती तपासली, भुवया चढवल्या आणि विचारलं, "तुम्ही हवा खात्यातले ना? मग यांना चांगल्या हवेत का ठेवत नाही?" चारचौघांत मुस्कटात मारल्यासारखं झालं त्याला.

ही बातमी परगावी राहणाऱ्या थोरल्या भावाला कळली. थोरला पाण्याच्या मोटारी विकायचा आणि बोलायचाही मोटारीसारखाच, एकदा सुरू झाला की टाकी भरेपर्यंत. "महिनाअखेर आईला घेऊन जातो," त्याने फोनवर जाहीर केलं. "तुला जमत नाही ते दिसतंयच."

आईला थोरल्याकडे जायचं नव्हतं. "तिकडे सूनबाई मला कशाला हात लावू देत नाही," ती म्हणाली. "दिवसभर नुसतं शोकेसमधल्या बाहुलीसारखं बसायचं. त्यापेक्षा खोकत मेलेलं बरं."

आणि आई गेली तर हवालदाराला घर खायला उठलं असतं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण रात्री कुशीवर वळताना स्वतःला मात्र सांगितलं. महिनाअखेरीच्या आत चांगल्या हवेचं घर सापडलं तर आई राहील, नाही तर जाईल. गोष्ट एवढीच होती.

त्याने घरं बघायला सुरुवात केली. सज्जन माणूस, म्हणून प्रत्येक घरमालकाला आधी फोन करून सांगायचा की मी हवा खात्यात आहे, यंत्र घेऊन येईन, हवा बरी असली तर घर घेईन. घरमालक म्हणायचे, "या की, निर्धास्त या." आणि फोन ठेवून थेट बादलीकडे धावायचे. टेकडीवरचं घर नापास झालं. बागेसमोरचं घर नापास झालं. एक घर तर नवंकोरं होतं, त्यात अजून कोणी श्वाससुद्धा घेतला नव्हता, तरी बाईने दोघांना बाहेर काढलं. मालक जिन्यात उभा राहून खोकत म्हणाला, "कमाल आहे. आत्ताच तर सगळं ब्लीचने धुऊन काढलं होतं." हवालदाराने सहानुभूतीने मान हलवली. अक्कल चालवायची संधी समोर चालून आली होती, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग एके दिवशी त्याचा मजला चुकला.

त्याला जायचं होतं वरच्या घरी आणि बेल वाजवली त्याने खालच्या घराची. दार उघडलं एका शिंप्याने. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. आत शिलाई मशीन, चिंध्यांचे ढीग, कांदा परतल्याचा वास, खुर्चीवर वाळत टाकलेले मोजे. खिडकीची चौकट वाकलेली असल्यामुळे ती बंदच होत नव्हती. हवालदार मनातल्या मनात म्हणाला, इथे तर बाई किंचाळेल. त्याने यंत्र चिंध्यांवर ठेवलं आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

"हवा उत्तम आहे," बाई म्हणाली, आणि तिचा स्वर असा होता की तिला स्वतःलाच ते खरं वाटत नसावं. "धन्यवाद."

हवालदाराने डोळे चोळले. त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा धन्यवाद.

"तुम्ही काय केलंत?" त्याने दरडावून विचारलं.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मी काही केलं नाही हो."

"खरं सांगा. मी येणार म्हणून काय केलंत?"

"तुम्ही येणार हे मला कुठे ठाऊक होतं? आत्ताही तुम्ही कोण हे मला कळलेलं नाही. पँट आखूड करायची आहे का?"

हवालदार मोजे बाजूला सरकवून त्याच खुर्चीवर मटकन बसला. आणि इतकी वर्षं त्याच्या नाकासमोर असलेली गोष्ट एकदाची नाकात शिरली. ब्लीचमध्ये क्लोरीन असतो, त्याची वाफ होते, ती वाफ दुसऱ्या वासांना भेटली की काय काय होतं, हे सगळं त्याने नोकरीच्या परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. पण परीक्षा ती परीक्षा आणि फरशी ती फरशी. शहरात वाईट हवा होती ती फक्त त्याच्या वाटेवर होती. तो येणार म्हणून ती तयार व्हायची आणि तो आला की तो ती मोजायचा.

तो धावतच साहेबांकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, सूचना न देता जायचं?"

"हो साहेब."

"मग तर सगळी घरं पास होतील."

"होतील ना साहेब!"

"मग खातं कशाला राहील?" साहेब म्हणाले, आणि खिडकीकडे बघत राहिले. खरं म्हणजे साहेबांचं बोलणं ऐकताना हवालदाराचं अर्धं लक्ष नव्हतंच. त्याला अचानक आपल्या घराचा वास आठवला होता. रोज संध्याकाळी दार उघडल्यावर येणारा तो करकरीत, डोळ्यांना झोंबणारा वास. दिवसभर तसल्याच घरांमध्ये वावरून त्याला तो घराचाच वास वाटायचा.

त्या दिवशी तो दुपारीच घरी गेला. दार किलकिलं होतं. खिडक्या लावलेल्या, आणि आई गुडघ्यांवर बसून फडक्याने फरशी घासत होती. बाजूला बादली. मधूनच थांबायची, खोकायची, पदराने डोळे पुसायची आणि पुन्हा घासायची.

"आई, हे काय चाललंय?"

आई दचकली आणि मग रागावली. "इतक्या लवकर का आलास? अजून मोरी राहिली आहे."

"रोज करतेस हे?"

"रोज नाही तर काय सणासुदीला? तू येतोस ना रोज."

"पण मी तुझा मुलगा आहे, अगं! मी काय तपासणीला येतो?"

आईने फडकं बादलीत आपटलं. "एकदा आला होतास. यंत्र घेऊन. आठवतंय? घरचं पण बघतो म्हणालास. मी सकाळपासून राबून घर चकाचक केलं, आणि तुझ्या त्या बाईने मला काय सांगितलं? कृपया बाहेर जा! माझ्या घरात, मला! आणि तू तिला एका शब्दाने बोलला नाहीस. वर म्हणालास, 'नापास.' चेष्टेत म्हणालास, कळलं मला. पण हवालदाराच्या घरची हवा नापास, हे ऐकून घ्यायला नको होतं मला म्हातारपणी."

हवालदाराला तो दिवस पुसटसा आठवला. तो हसला होता, हेही आठवलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो ओल्या फरशीवरच तिच्यासमोर बसला.

मग त्याने तिला समजावलं. हे ब्लीच फरशीवर पडून राहत नाही, आई. त्याची वाफ उठते. ती लिंबाच्या वासाला भेटते, खिडकीतून ऊन येतं त्यात दोघांचं जमतं, आणि त्यातून इतके बारीक कण होतात की ते थेट छातीत जाऊन बसतात. आणि काच पुसायचं ते अमोनियाचं पाणी त्यात पडलं तर विषारी वायूच होतो.

"लिंबाचं आणि ब्लीचचंसुद्धा जमतं," आई म्हणाली. "तुझंच तेवढं कुठे जमलं नाही."

"आई, मी काय सांगतोय!"

"कळलं रे बाळा. नाही वापरणार."

दुसऱ्या दिवशी घराला तोच वास. "साध्या पाण्याने पुसलं," ती म्हणाली. "अगदी टोपणभरच टाकलं. वास आल्याशिवाय पुसलंय हे कळणार कसं?" त्याने बाटली लपवली. तिने समोरच्या काकूंकडून वाटीभर आणलं, लोक विरजण आणतात तसं. त्याने यंत्र ऑफिसात ठेवायला सुरुवात केली. "बाई नसली तरी तुझं नाक आहे ना," ती म्हणाली. तो चिडला, त्याने हात जोडले, शपथा घातल्या. ती प्रत्येक शपथेला हो म्हणाली आणि प्रत्येक संध्याकाळी घर लखलखत राहिलं. मुलासाठी काही करायचं नाही, हे तिला कोणत्याच भाषेत समजत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी, आणि त्या पाण्यातही ब्लीच.

महिनाअखेर थोरला मोकळी बॅग घेऊन दारात उभा राहिला. हवालदाराने त्याला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. हवा घराची वाईट नाही, मी येतो म्हणून वाईट होते.

थोरल्याने डोकं खाजवलं. तो व्यवहारी माणूस होता. "पाण्यात घाण येत असेल तर विहीर उचलून नेत नाहीत," तो म्हणाला, "घाण काढतात. चल, तूच चल."

अशा रीतीने थोरला आईला न्यायला आला आणि हवालदाराला घेऊन गेला. साहेबांनी बदली हातोहात मंजूर केली, कारण थोरल्याच्या गावातली हवा अजून खराब व्हायची राहिली होती. आईला त्याने एवढंच सांगितलं की सरकारी हुकूम आहे. तिने त्याची बॅग भरली, शर्टांच्या घड्या घातल्या आणि "जेवत जा वेळेवर" एवढंच म्हणाली. ती रडली नाही. तो बसमध्ये बसल्यावर रडला.

काही दिवसांनी समोरच्या काकूंचा फोन आला. खोकला थांबलाय म्हणे. हवालदाराला राहवलं नाही. तो न सांगता घरी गेला. दार उघडलं आणि काय सांगावं! टेबलावर धुळीचा थर, ओट्यावर कालची भांडी, खिडक्या सताड उघड्या, आणि मधोमध गुलाबी गालांची आई. तिने त्याला बघून आधी कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, सांगून यायचं की रे! घर बघ कसं पडलंय!" तो दिवसभर त्या पसाऱ्यात बसला आणि पोट भरून श्वास घेतला. इतकं सुख त्याला आयुष्यात झालं नव्हतं.

सुखाची किंमत मागाहून कळली. काकूंचा पुन्हा फोन. "अहो, त्या रोज पुसायला लागल्यात. तुम्ही न सांगता आलात ना, म्हणतात कधीही येईल, नेम नाही. आधी तुम्ही संध्याकाळी यायचात तर एकदाच पुसायच्या. आता सकाळ-संध्याकाळ पुसतात." मागून खोकल्याचा आवाज ऐकू येत होता.

मग त्याने डोकं लढवलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फोन केला, "आई, मला या महिन्यात यायला जमत नाही," आणि थोड्या वेळाने जाऊन बेल वाजवली. पहिल्यांदा छान जमलं. पण आई ती आईच. पुढच्या वेळी त्याने येत नाही असा फोन केला आणि दार उघडताच त्याचे डोळे चुरचुरले. "येत नाही म्हणालास," ती ढासता ढासता विजयी चेहऱ्याने म्हणाली, "तेव्हाच ओळखलं."

परतीच्या बसमध्ये हवालदाराने सगळा हिशोब मनात मांडून पाहिला आणि तो एकाच जागी येऊन थांबत होता. खोटं बोलून भागणार नव्हतं. येत नाही म्हणायचं, आणि खरंच यायचं नाही. तिला ते खरं वाटेपर्यंत यायचं नाही. ज्या आईला जवळ ठेवण्यासाठी त्याने शहरभर घरं हुंगली, तिला श्वास घेता यावा म्हणून त्याला तिच्या मनातून आपली वाट पुसून टाकायची होती.

तो रोज फोन करू लागला. "आई, मी येत नाही." आई हसायची, "बरं बरं," आणि मागे बादलीचा आवाज यायचा. तो जायचा नाही. कधी सुट्टीच्या दिवशी बसच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचा. थोरला म्हणायचा, "वेडा झालास." वहिनी त्यालाही कशाला हात लावू देत नसे, त्यामुळे कामावरून आला की तो शोकेसमधल्या बाहुलीसारखा बसून राहायचा. हळूहळू आईचं हसणं कमी झालं. मग ती फोन लवकर ठेवू लागली. हवालदार बंद झालेल्या फोनकडे बघत बसायचा, पण आपला हेका सोडत नव्हता.

एके दिवशी दुपारी त्याने नेहमीसारखा फोन लावला.

"आई, मी येत नाही या महिन्यात."

"पुढच्या?"

"पुढच्याही नाही."

पलीकडे बादली बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"मग राहू दे आजचं पुसणं," आई म्हणाली. "उगाच कंबर मोडते."

आणि ती बोलत सुटली. समोरच्या काकूंचा जावई, गच्चीवर ठाण मांडून बसलेलं मांजर, पाण्याची बदललेली वेळ, तिला पडलेलं कसलंसं स्वप्न. एका दमात बोलत होती, मध्ये एकदाही ढास लागली नाही. हवालदाराला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की तो फोन कानाशी धरून भिंतीला टेकून खाली बसला.

"ऐकतोयस ना रे?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "बोल तू."